दोन चाकांएवढी वाट

थोरली जाऊ मरायला टेकली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे थोरल्याच्या, शेतात कांदा उभा होता आणि धाकट्या भावाच्या शेतात वाटाणा. सगळी अडचण तिथूनच सुरू झाली.

वस्तीवरून डांबरी रस्त्याला जायला वाट एकच. ती या दोन भावांच्या शेतांमधून जायची. वडील होते तोवर तिच्यावरून भरलेली बैलगाडी येत-जात असे. वडील गेले आणि शेत दोघांत वाटलं गेलं. घराच्या मधोमध भिंत आली, भांड्यांची वाटणी झाली. आईचीसुद्धा झाली, एक आठवडा या दारात, एक त्या दारात. वाट तेवढी वाटायची राहून गेली. मग दोघांनी ती आपापल्या परीने वाटायला घेतली. नांगरणीला थोरला आपल्या बाजूने नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, जास्त मारायचा. ते धाकट्याच्या लक्षात आलं की तोही आपल्या बाजूने एक मारायचा. कोणी कोणाला काही बोललं नाही, कारण दोघांचं बोलणंच नव्हतं. फारच गरज पडली तर ते आपापल्या म्हशीशी बोलत, जरा मोठ्याने. "काय गं, काही लोक पाणी सोडून झोपतात वाटतं?" असं थोरला आपल्या म्हशीला विचारी, आणि भिंतीपलीकडून धाकटा त्याच्या म्हशीला उत्तर देई. म्हशी दोन्ही समजूतदार होत्या. त्या मध्ये पडत नसत.

असं करत करत वाट हातभर उरली. एका माणसाने एका वेळी जावं, आणि समोरून कोणी आलं तर एकाने पिकात उतरून शिव्या खाव्यात, एवढी.

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा आधी तिने ते कोणाला सांगितलंच नाही, कारण कामं होती. मग सांगितलं तेव्हा किराणा दुकानदाराने पोटात वारा धरलाय म्हणून पूड दिली. दुकानदाराच्या मते माणसाला दोनच आजार होतात, वारा धरणे आणि वारा न धरणे. दुसऱ्या दिवशी दुपारी दुखायचं एकदम थांबलं. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळी ती चुलीपुढे बसल्या बसल्या कलंडली. अंग भट्टीसारखं तापलेलं, ओठ काळेनिळे, बोलणं तोंडातल्या तोंडात.

दवाखान्याची गाडी डांबरी रस्त्यावर येऊन उभी राहिली. त्यापुढे ती येऊ शकत नव्हती. म्हणून खाट काढली, थोरलीला तिच्यावर घातलं, वस्तीतल्या चौघांनी चार खूर खांद्यावर घेतले आणि निघाले. घराच्या अंगणापर्यंत सगळं ठीक झालं. पुढे वाट लागली. हातभर वाटेवरून खाट घेऊन चौघे जायचे म्हणजे डावीकडच्या दोघांनी कांद्यातून चालावं आणि उजवीकडच्या दोघांनी वाटाण्यातून.

"अरे, इकडून नका!" थोरला मागून धावत ओरडला. "इकडे कांदा आहे! तिकडे सरका, तिकडे!"

"तिकडे म्हणजे कुठे?" धाकटा आपल्या बांधावर उभा होता. "वाटाण्यात पाय पडला तर याद राखा! जपून न्या रे... वहिनीला, वहिनीला जपून न्या म्हणतोय मी!"

चौघे बिचारे वाटेवरच एकामागे एक चालायला बघू लागले. खाट तिरकी झाली. थोरली घसरून एका कडेला आली, तिचा हात लोंबकळला आणि कांद्याच्या पातीला घासत गेला. मध्येच खाट खाली ठेवली, बाजू बदलल्या, पुन्हा उचलली. पुढच्या दोघांचं मागच्या दोघांशी वाजलं. पुन्हा खाली ठेवली. एवढं अंतर चालायला माणूस विडी ओढत गेला तरी विडी संपू नये. त्या संध्याकाळी चौघांना अंधार पडेतो लागलं.

मोठ्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं. आतडं फुटून घाण पोटभर पसरली होती, तिथून रक्तात गेली होती. टेबलावरच हृदय एकदा बंद पडलं, ते त्यांनी पुन्हा चालू केलं. काही दिवसांनी पोट पुन्हा उघडावं लागलं. या सगळ्याच्या मध्ये कधीतरी त्या बाहेर आल्या आणि थोरल्याला म्हणाल्या, "एवढा उशीर का केलात? वाटेत कुठे थांबला होतात?"

थोरल्याने खाली बघितलं. "वाट अरुंद आहे," तो म्हणाला.

पण थोरली मेली नाही. डॉक्टरीणबाईंनाही त्याचं नवल वाटलं असावं. कारण त्या रोज येऊन आधी तिचा चेहरा बघत आणि मग कागद.

ती घरी आली ती अर्धी होऊन. पोटावर छातीपासून खाली टाक्यांची रांग, वर घट्ट पट्टा, कुशीतून निघालेली रबरी नळी आणि तिच्या टोकाला पिशवी. ओसरीवर खाट टाकली. खाट तीच होती. आणि मग वस्ती तिला बघायला आली.

मरून परत आलेल्या माणसाला बघायची लोकांना फार हौस असते. शिंपीण आली, तिने आधी पिशवी बघितली, मग चेहरा बघितला आणि खाटेशी टेकून हळूच विचारलं, "काय दिसलं गं तिकडे?"

"कुठे?"

"अगं तिकडे. तुझं हृदय बंद पडलं होतं ना? उजेड दिसतो म्हणतात. कोणी हाक मारतं. तुला काय ऐकू आलं?"

थोरलीने जरा आठवून बघितलं. "'इकडे कांदा आहे, तिकडे सरका,' एवढं ऐकू आलं," ती म्हणाली. "त्यानंतर काही नाही."

शिंपीण हिरमुसली. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला दोरखंड वळत बसलेला थोरला उठला आणि गोठ्यात गेला. त्या आठवड्यात जितके लोक आले तितक्यांनी हाच प्रश्न विचारला, थोरलीने हेच उत्तर दिलं, आणि दर वेळी थोरला उठून गोठ्यात गेला. म्हैस इतकी साफ कधीच राहिली नव्हती.

काय दिसलं ते संपलं, मग लोक दुसऱ्या गोष्टीकडे वळले. एवढ्यातून वाचली, म्हणजे कशासाठी तरी वाचली असणार. आता कशासाठी ते ज्याला त्याला आपापल्या सोयीने सुचू लागलं. शाळेच्या मास्तरांचं म्हणणं पडलं की तिने शाळेत येऊन मुलांना स्वच्छतेवर चार शब्द सांगावेत. तिच्या आतड्याचा स्वच्छतेशी काय संबंध, हे मास्तरांनी सांगितलं नाही. शिंपिणीला वाटत होतं की देवाने तिला परत पाठवलंय ते शिंपिणीच्या सुनेला दोन गोष्टी समजावण्यासाठीच. दुकानदार म्हणाला, "तू दुकानापुढे येऊन बसत जा संध्याकाळची. लोकांना बरं वाटतं तुला बघून. चहा माझ्याकडून." तो माणूस दिलदार होता. त्याच्या पुडीने काय झालं असतं ते विसरून तो हे बोलत होता.

थोरली सगळ्यांना हं हं करायची. तिला स्वतःला एवढंच कळत होतं की घागर उचलायची नाही, वाकायचं नाही, जात्यावर बसायचं नाही. सासू तिला अंघोळ घालायची. म्हातारीचे हात थरथरायचे आणि पाणी डोक्यावर कमी, पाठीवर जास्त पडायचं. लग्न होऊन आल्यापासून या घरात थोरलीच्या हाताला काम नाही असा दिवस उगवला नव्हता. आता ती खाटेवर पडून कौलं बघत असे. कशासाठी वाचले, हे तिला खरंच कळेना. कौलं बघण्यासाठी तर नसावं.

ते कळलं ते नळी काढायला पुन्हा दवाखान्यात जायची वेळ आली तेव्हा. चालवत नव्हतं, म्हणजे पुन्हा खाट आणि पुन्हा तेच चौघे. या वेळी ती शुद्धीवर होती. खाट वाटेला लागली आणि चौघे एकामागे एक, पाय पायापुढे टाकत, तोल सांभाळत चालू लागले. कांद्यात कोणाचा पाय पडला नाही, वाटाण्यात पडला नाही. थोरला मागून चालत होता, एक शब्द बोलला नाही. धाकटा बांधावर होता, तोही गप्प. सगळे शहाण्यासारखे वागत होते आणि खाट तरीही पडायला आली होती. थोरलीने दोन्ही हातांनी खाटेच्या कडा धरल्या आणि मान वळवून खाली बघितलं. डावीकडे कांद्याचा वाफा होता, उजवीकडे वाटाण्याचे वेल, आणि मध्ये वाट म्हणून जी होती ती तिच्या पट्ट्याएवढीच दिसत होती.

"काय झालं वहिनी, दुखतंय?" पुढचा खांदेकरी म्हणाला.

"नाही रे," ती म्हणाली. "बघतेय."

नळी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, भिंतीला धरून ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि अंगणात बसून धारा काढणाऱ्या सासूजवळ गेली.

"आई, मामंजींची गाडी केवढी होती हो?"

"केवढी म्हणजे? गाडीएवढी."

"वाटेवरून जायची ना?"

"जायची म्हणजे? कडब्याने भरून जायची. मी वर बसायचे." म्हातारीने धार थांबवली. "चाकं आहेत की अजून. गोठ्याच्या मागे. त्याच्यावर कोंबड्या बसतात."

गोठ्यामागे खरोखरच चाकं होती. वरचा लाकडी साटा-बिटा केव्हाच सरपणात गेला होता. दोन चाकं आणि त्यांना जोडणारा लोखंडी आख, एवढंच कोंबड्यांसाठी शिल्लक राहिलं होतं. थोरलीने भिंतीवरून धाकटीला हाक मारली. जावा-जावांचं बोलणं बंद नव्हतं. नवऱ्यांचं बंद होतं म्हणून उलट त्यांना जास्त बोलावं लागे.

धाकटीने सगळं ऐकून घेतलं. मग डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान वाकवून टाळू दाखवली. तिथले केस झडून रुपयाएवढं चकचकीत झालं होतं.

"दुधाचे कॅन," ती म्हणाली. "रोज डांबरी रस्त्यापर्यंत डोक्यावरून. ताई, मला तुमच्यासारखं देवाने परत-बिरत पाठवलेलं नाही, पण या डोक्यावर थोडे केस उरावेत एवढी माझी इच्छा आहे. कुठे आहेत चाकं?"

भर सकाळी वस्तीने बघितलं ते असं: म्हातारी एका चाकाला, धाकटी दुसऱ्याला, आणि पोटाला पट्टा बांधलेली थोरली काठी टेकत पुढे. चाकं कुरकुरत वाटेला लागली. हातभर वाट मध्ये राहिली. डावं चाक थेट कांद्यात उतरलं, उजवं वाटाण्यात. थोरली दर थोड्या अंतरावर थांबायची, धाकटी ओच्यातून खुंटी काढायची आणि चाकाच्या बाहेरच्या अंगाला ठोकायची. शेवटपर्यंत जाऊन त्यांनी मागे वळून बघितलं. कांद्याच्या जितक्या ओळी आत आल्या होत्या, वाटाणाही बरोबर तितकाच आत आला होता.

"दोघांनी सारखीच खाल्ली," म्हातारी चाकावर टेकत म्हणाली. तिच्या आवाजात थोडा अभिमानही होता. "लहानपणापासून तसेच. एकाला जास्त मिळालेलं दुसऱ्याला चालायचं नाही."

कोर्टकचेरी करूनही इतकी काटेकोर वाटणी झाली नसती.

त्या दुपारी थोरली खुरपं घेऊन वाटेवर गेली. वाकता येत नव्हतं, म्हणून बसली. बसून पुढे सरकत सरकत खुंटीच्या आतला कांदा उपटू लागली. थोरला पाणी धरून परत येत होता, तो जागीच उभा राहिला.

"अगं, काय करतेस? पोसला नाहीये अजून! आठ दिवस थांब!"

"भाजीला होईल."

"एवढा? बाजारात कोण घेईल हा? आणि आधी आपणच का? त्याला सांग की आधी. त्याने काय कमी नांगरलीय?"

"त्यांनी नांगरली, तुम्हीपण नांगरली." तिने एक रोप उपटलं, माती झटकली. "त्यांचं मला माहीत नाही. आपलं माहीत आहे."

थोरल्याने फावडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. मग खाली न बघताच तो म्हणाला, "त्या दिवशी मी ते बोललो ना... ते तोंडातून गेलं. मुद्दाम नाही."

"मला माहीत आहे."

"सगळ्या गावाला सांगितलंस मात्र."

"लोक विचारतात, मी सांगते." ती हात न थांबवता म्हणाली. "अहो, तुमच्या जागी मी असते आणि खाटेवर तुम्ही असता, तर मीसुद्धा तेच ओरडले असते. सबंध हंगाम राबून लावलेला कांदा. तोंडातून जाणारच. म्हणून तर काढतेय. कोणाच्या तोंडातून ते जायलाच नको."

थोरल्याने फावडं बांधावर टाकलं, तिच्यापुढे चार हातांवर जाऊन बसला आणि पलीकडून उपटत तिच्याकडे येऊ लागला. दोघं मध्ये भेटले तेव्हा ऊन कललं होतं. तिच्या कपाळावर घामाने माती चिकटली होती आणि टाक्यांच्या जागी आत काहीतरी ओढल्यासारखं होत होतं. तिला उठवायला त्याने हात दिला. एवढ्या वर्षांत असा हात द्यायची वेळ आली नव्हती. दोघांनाही ते जरा अवघड गेलं.

मग दगड. पावसाळ्याच्या आत दगड पडला नाही तर मोकळी केलेली वाट म्हणजे नुसता चिखल; आणि त्याआधी नांगरणी होती, ट्रॅक्टर आला की फाळाला खुंटी काय दिसणार? थोरला ओढ्यातून पाटीने दगड आणून टाकायचा. थोरली ते फोडायची. उचलायचं नव्हतं, पण फोडायला डॉक्टरीणबाईंनी मनाई केलेली नव्हती, कारण त्यांना ते सुचलंच नव्हतं. पोत्याची घडी करून ती बसे, डाव्या हाताने गोटा धरी, उजव्या हाताने हातोडी. पहिल्या दिवशी बोटं फुटली. दुसऱ्या दिवशी तिने बोटांना चिंध्या गुंडाळल्या. काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की प्रत्येक गोट्याला कुठेतरी फुटायचं असतंच, जागा सापडली पाहिजे. संध्याकाळी ती घरी येई तेव्हा हात खांद्यापर्यंत ठणकत असत आणि झोप अशी लागे की कौलं बघायला सवड मिळत नसे.

मास्तर एकदा तिकडून चालले होते, थांबून म्हणाले, "थोरलीबाई, शाळेत बोलायचं राहूनच गेलं."

"मास्तर, एक गोटा फोडता का?"

मास्तरांनी घड्याळ बघितलं आणि शाळा आठवून निघून गेले.

थोरल्याची अर्धी वाट तयार झाली. धाकट्याच्या बाजूला वाटाणा निघाला, वेल वाळले, आणि खुंट्या धाकट्याने उपटून टाकल्या. त्याचं म्हणणं त्याने आपल्या म्हशीला ऐकवलं, "खाट जाईल एवढी वाट झालीय ना आता? बास झालं. आणि गाडीच पाहिजे तर सगळी त्यांच्याच शेतातून काढा म्हणावं. पुण्य एकट्यालाच मिळेल." त्याने ट्रॅक्टर सांगितला होता, आणि पार थोरल्याच्या दगडांपर्यंत फाळ घालायचा असंही सांगितलं होतं.

ट्रॅक्टरवाल्याला सगळे पायलट म्हणत, कारण तो ट्रॅक्टर चालवताना काळा चष्मा लावत असे. सकाळी पायलट ओढ्याच्या बाजूने आला, चिखलाने माखून. थोरली आपल्या पोत्यावर होती. धाकटी दुधाचा कॅन डोक्यावर घेऊन नेमकी त्याच वेळी वाटेवर आली आणि कॅन उतरवून उभी राहिली, नवऱ्याच्या शेतात पाय रोवून. म्हातारी आली. दुकानदार आला, ज्या ठिकाणी काही होणार असेल तिथे तो गिऱ्हाईक सोडून येत असे.

"घाल रे पायलट," धाकटा म्हणाला. "त्या दगडांपर्यंत."

पायलटने इंजिन बंद केलं आणि चष्मा कपाळावर चढवला. "हे काय नवीन? रस्ता झाला होय?"

"अर्धा," थोरली म्हणाली.

"अरे वा. मी बाबा दर वर्षी त्या ओढ्यातून वळसा घालून येतो. दर खेपेला टायरची वाट लागते. ह्याच्यावरून आलो असतो की." त्याने खाली उतरून दगडांवर टाच मारून बघितली. "पक्का आहे. कोणाचा हा?"

"थोरल्याची वाट म्हणतात हिला," दुकानदार म्हणाला. तो नुसता माहिती देत होता. "सगळीकडे तेच नाव पडलंय. डांबरी रस्त्यावर एसटीवाल्यालासुद्धा माहीत झालं. थोरल्याची वाट."

धाकट्याचा चेहरा कानापासून लाल व्हायला लागला.

"थोरल्याची कशी?" तो म्हणाला. "वाट बापाची आहे. अर्धी माझी आहे!"

"असेल," दुकानदार म्हणाला. "पण दिसत नाही ना कुठे."

धाकट्याने इकडे तिकडे बघितलं. दगडांचा पट्टा त्याच्या भावाच्या बाजूने सरळ, पांढरा, डांबरी रस्त्यापर्यंत गेलेला. त्याच्या बाजूला वाळका वेल. तो चार ढांगा आत गेला, उपटलेल्या खुंट्यांचा गठ्ठा बांधावर पडला होता तो उचलला आणि पहिली खुंटी ठोकली. ती जिथे आधी होती तिथे नाही, त्याच्याही एक हात पलीकडे, आपल्याच शेतात.

"ही माझी अर्धी!" तो पायलटला म्हणाला. "आणि हात जास्त! सांगा एसटीवाल्याला!"

थोरला इतका वेळ पाटी डोक्यावर घेऊन उभा होता. त्याने पाटी आपटली. "हात जास्त?" त्याने आपल्या बाजूची खुंटी उपटली आणि आपल्या शेतात एक हात आत नेऊन ठोकली. "हे घे!"

"दादा, तू मध्ये पडू नकोस! माझ्या शेतात मला वाटेल तेवढी देईन मी!"

"मला शिकवतोस? वाट कोणी सुरू केली?"

"वहिनीने सुरू केली! तू काय केलंस? तू तर कांदा कांदा करत होतास!"

"आणि तू वाटाणा!"

म्हातारी हळूच कॅनवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

"आई, रडू नका, भांडताहेत नुसते," धाकटी म्हणाली.

"भांडताहेत ना," म्हातारी म्हणाली. "एकमेकांशी भांडताहेत गं. म्हशीशी नाही."

दोन्ही भाऊ तावातावाने खुंट्या ठोकत निघाले, हा हात, तो वीत, आणि मागोमाग थोरली. तिने धाकटीला खूण केली. जिथे खुंटी ठोकली जाई तिथे लगेच धाकटी दगडांची पाटी उलटी करी. माणसाचं मन बदलायला वेळ लागत नाही; दगड उचलायला लागतो. दुपारपर्यंत भाऊ घसा बसून थांबले तेव्हा वाट बापाच्या गाडीपेक्षाही रुंद झाली होती. कोणालाच मागे घेता येईना, कारण दुसरा बघत होता.

पायलटने धाकट्याचं शेत नांगरलं, खुंटीच्या एक इंच आत नाही. पुढचे दिवस दोन्ही बाजूंनी दगड पडत राहिला. धाकट्याला आपल्या बाजूचा दगड बारीक हवा होता, भावाच्यापेक्षा. त्यासाठी तो थोरलीजवळ येऊन बसला आणि विचारू लागला, "वहिनी, हा कुठे फुटेल?" तिने दाखवलं. त्याने चुकीच्या जागी मारलं, अंगठा ठेचला. "भावजी, तो दगड आहे, वाटाणा नाही," ती म्हणाली. शेवटच्या दिवशी पायलट फुकट आला. तो ट्रॅक्टर घेऊन डांबरी रस्त्यावरून थेट अंगणात, आणि पुन्हा मागे, असा संध्याकाळपर्यंत दगड दाबत राहिला. मास्तर शाळेतली मुलं घेऊन बघायला आले आणि त्यांनी एक भाषण केलं. ट्रॅक्टरच्या आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही, त्यामुळे छान झालं.

पाऊस लागला. दुधाची गाडी धाकटीच्या दारात येऊ लागली. थोरलीचा पट्टा सुटला. घागर ती उचलू लागली, आधी अर्धी, मग भरलेली. डॉक्टरीणबाईंनी शेवटचं तपासलं तेव्हा त्यांनी तिच्या पोटाऐवजी तिचे तळहात उलटसुलट करून बघितले. "हे कशाने झालं?" "दगडाने," थोरली म्हणाली. "आता काय करणार?" असं त्यांनी सहज विचारलं, निरोप देताना विचारतात तसं. थोरलीने विचार न करता सांगितलं, "वरच्या वस्तीचा रस्ता राहिलाय. तिथे तीन भाऊ आहेत. जास्त रुंद होईल."

एका दुपारी, उघडीप होती म्हणून ती थोरल्याचे सदरे दोरीवर घालत होती, तेवढ्यात भोंगा ऐकू आला. दवाखान्याची गाडी डांबरी रस्ता सोडून वळली, वाटेला लागली आणि न थांबता, वेग कमी न करता, अंगणाच्या कडेने वर वस्तीत निघून गेली. जाताना चाकाने चिखलाचा फवारा असा उडवला की एकही सदरा स्वच्छ राहिला नाही.

"माझा सदरा!" थोरला ओसरीवरून ओरडला.

थोरली चिखलात न्हालेली, दोरीशी उभी होती आणि हसत होती. हसताना पोट दुखत नाही हे तिला त्याच वेळी कळलं. गाडी तशीच खाली परत आली, आत कोणीतरी आडवं, कोणीतरी त्याचा हात धरून. आणि डांबरी रस्त्याला लागून दिसेनाशी झाली. हे सगळं इतक्यात झालं की कोण होतं ते विचारायलाही कोणाला जमलं नाही.

एका ठिकाणी मात्र चाकाने खळगा पाडला होता. संध्याकाळी थोरली हातोडी घेऊन तिथे पोचली तर धाकटा पाटी घेऊन आधीच आलेला.

"माझ्या बाजूला आहे, मी भरतो," तो म्हणाला.

"मधोमध आहे."

"माझ्याकडे जास्त आहे, वहिनी. बघा नीट."

ती बसली आणि दगड फोडू लागली. थोरला वळून वळून सदऱ्यांकडे बघत आला आणि त्यानेही पाटी टाकली. खळगा भरत आला तेव्हा दवाखान्याची गाडी पुन्हा दिसली, या वेळी सावकाश. समोर येऊन तिने भोंगा दिला. थोरली हलली नाही. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याच्या शेजारी वस्तीच्या वरच्या टोकाची कुंभारीण बसली होती, रडून डोळे सुजलेली आणि तोंडभर हसणारी.

"वाचले गं!" तिने तिथूनच हात हलवला. "घरचे वाचले! छातीत कळ आली होती. वेळेत आणलं म्हणे! कपडे घ्यायला आलेय, लगेच परत जायचंय!"

"बाई, बाजूला व्हा की," ड्रायव्हर म्हणाला. "जाऊ द्या गाडी."

थोरलीने हातातला गोटा उलटा केला, जागा शोधली आणि मारला. दोन सरळ तुकडे झाले. एक धाकट्याला दिला, एक नवऱ्याला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "रस्त्याचं काम चालू आहे."

आणि गाडी थांबली.